सरावाच्या घरातला पंखा

१

इतका वेळ चिडीचूप असलेल्या खोलीत जुना फ्रिज एकाएकी थरथरला आणि त्याच्या डोक्यावरचा स्टीलचा पेला बशीवर खणखणायला लागला.

सगळे दचकले. खिडकीशी गुडघे टेकून बसलेल्या मुलीच्या हातून मोजपट्टी पडली. पलंगाखाली डोकावणाऱ्या जाड्याचं डोकं वरच्या पट्टीवर आपटलं आणि तो कळवळला. दोघंतिघं फिसकन हसली. वर्गात जिला सगळे आईसाहेब म्हणत, ती मात्र हसली नाही. ती जमिनीवर आडव्या पडलेल्या सरांकडे बघत होती.

एवढ्या आवाजानं सरांची पापणीसुद्धा लवली नव्हती.

गुन्हेशास्त्र आणि कायदा असा तो पाच वर्षांचा जोड अभ्यासक्रम. माणूस गुन्हा का करतो ते अर्धा दिवस शिकायचं आणि उरलेला अर्धा दिवस त्याला आत कसा टाकायचा ते, अशी पोरं चेष्टा करत. कॉलेजच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांचं एक बैठं घर होतं, त्याला सरावाचं घर म्हणत. पलंग, टेबल, ओटा, फ्रिज असा सगळा संसार तिथे मांडलेला, फक्त राहत कुणी नव्हतं. सर तिथे खोटा गुन्हा मांडून ठेवत आणि पोरांनी तो वाचायचा. एरवी प्रेत म्हणून चिंध्या भरलेला बाहुला असे. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला मात्र सर स्वतः पडत. शर्टाला लाल रंग फासून, श्वास चोरून. प्रेताला हात लावला किंवा हाक मारली की मार्क गेले. "मेलेल्याला कशाला त्रास देता? वस्तूंना विचारा, त्या खोटं बोलत नाहीत," असं त्यांचं म्हणणं.

म्हणून पोरं मघापासून वस्तूंनाच विचारत होती. पलंगावर वर्तमानपत्राची पानं पसरलेली, एका पानावर बूट, दुसऱ्यावर डाव, तिसऱ्यावर कुलपाएवढा दगड. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खालच्या टोकाला कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले. रंग फासलेली हातोडी. स्टुलावर एक ताटली, तिच्यात काठोकाठ पाणी. पाण्यावरून बरीच डोकेफोड झाली होती. शेवटी वर्गातला हुशार पोरगा, ज्याला सगळे वकील म्हणत, त्यानं हातानं आकार दाखवत सांगून टाकलं होतं, "अरे, बर्फ होता तो. वाटीत गोठवून उपडा घातलेला, कंगोऱ्यांचा. वितळायला किती वेळ लागला ते काढा, खुनाची वेळ निघेल." सगळ्यांनी मनातल्या मनात त्याला दाद दिली होती. पंखा बंद करायला गेलेला जाड्या मात्र हात हलवत परत आला होता. पंखा बंदच होता.

आता आईसाहेब सरांपाशी खाली बसली.

"अहो आईसाहेब, मार्क जातील!" कुणीतरी कुजबुजलं.

तिनं दोन बोटं सरांच्या मानेला लावली. लेकीच्या कपाळाला नुसता तळवा टेकवून ताप किती ते सांगणारा तिचा हात. तो तसाच राहिला.

"सर," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "सर! उठा ना. झाली परीक्षा."

डोक्याखालचं लाल ओलसर होतं. रंग असा नसतो, हे तिला तेव्हा कळलं. त्यांचीच पोरं त्यांच्याभोवती मोजपट्ट्या घेऊन फिरत होती, खडूच्या खुणा करत होती, फोटो काढत होती. आणि सर खरंच गेले होते.

२

"दाराला बाहेरून कुलूप होतं. तुम्हाला वाटलं तेही कोड्यातलंच, रखवालदाराच्या खोलीतून चावी आणून उघडलंत," फौजदार म्हणाला. "मग आत मेलेला माणूस. हे कोडं नाही, आईसाहेब. हा खून आहे."

तोही सरांचाच जुना विद्यार्थी. सरांच्या खोलीत, सरांच्या खुर्चीत न बसता तो खिडकीपाशी उभा होता. डोळे लाल झालेले. वर्गातल्या मुलांकडून त्याला तिचं टोपणनाव कळलं होतं आणि तेच त्याच्या तोंडी बसलं होतं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"टेबलाचा कोपरा लागलाय मागून. स्वतः पडले की कुणी ढकललं ते सांगता येत नाही. रक्त आतल्या आत साचत गेलं." तो थांबला. "लगेच नाही गेले. बराच वेळ होते. कुणी वेळेवर उचललं असतं तर..."

तिनं विचारलं, "आम्ही आत गेलो तेव्हा?"

"तेव्हा नव्हते," तो घाईघाईनं म्हणाला. "बहुतेक नव्हते."

बहुतेक.

"कुलपाच्या चाव्या दोन," फौजदार सांगत होता. "एक सरांच्या खिशात मिळाली. दुसरी तुमच्या कुलूपमामाकडे. आदल्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, सगळ्या कॉलेजनं ऐकलंय. आणि पठ्ठ्या सकाळी कुठे होता ते धड सांगत नाही. आज बसवून ठेवलाय. उद्या गुन्हा दाखल करतो."

"ते कुलूप दाबलं की लागतं, साहेब. लावायला चावी लागत नाही."

"माहितीय मला. मीही त्याच घरात शिकलोय. पण लावणारा कुणीतरी होताच ना?"

कुलूपमामा म्हणजे कॉलेजचा रखवालदार. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की तो जिन्यात असला तरी वर्गात कळे. ती परीक्षेला बसली की तिची लेक ठकू मामाच्या केबिनमध्ये जुडग्यातल्या किल्ल्या मोजत बसे. सासूबाई आजारी असत त्या दिवसांत तर मामा नसता तर हिचं तिसरं वर्षच बुडालं असतं. तिनं मामाला चौकीत भेटायला परवानगी मागितली. फौजदारानं नाही म्हटलं नाही.

मामा बाकावर बसला होता. कमरेचा जुडगा काढून घेतलेला, म्हणून तो उगाच अर्धा वाटत होता.

"भांडण कशावरून झालं मामा?"

"अगं, ते दरवेळी घराचा पंखा, दिवे चालू ठेवून जातात. मी बाहेरच्या पेटीतला मोठा खटका पाडतो, झालं. काल पाडला तर त्यांचं काहीतरी फ्रिजमधलं खराब झालं. मला म्हणाले, माझ्या घराला हात लावायचा नाही." त्याचं तोंड वाकडं झालं. "घर म्हणाले गं ते त्याला. मी पण म्हटलं, जा, मरा त्या घरात."

तो रडायला लागला. रडण्याची सवय नसलेल्या माणसाचं ते रडणं बघवत नव्हतं.

"आज सकाळी कुठे होतात?"

"माझ्या खोलीत. बाहेरच नाही पडलो. रागावून बसलो होतो. त्यांना काय सांगू, रुसून बसलो होतो म्हणून?"

३

मॅडम विभागप्रमुख होत्या, कायदा शिकवत. सरावाचं घर पाडून तिथे सराव न्यायालय बांधायचं त्यांच्या मनात फार दिवसांपासून होतं. सरांशी त्यांचं त्यावरून विळ्या-भोपळ्याचं सख्य. पोरांच्या तोंडी आता तीच कुजबुज होती. मामानं नाही तर मग मॅडमनं.

आईसाहेब दारात उभी राहिली तेव्हा मॅडम कोऱ्या फळ्याकडे बघत बसल्या होत्या.

"ये. तूही विचारणारच असशील. हो, गेले होते मी सकाळी तिथे. फौजदारांना सांगितलंय."

"सर कसे होते मॅडम?"

"कसे म्हणजे? ठणठणीत. घामाघूम. सामान मांडत होते." त्या क्षणभर हसल्यासारख्या झाल्या. "मी बोलत होते आणि ते म्हणतात, जरा तो दगड द्या इकडे. मी संचालकांच्या निर्णयाबद्दल बोलतेय आणि ह्यांना दगड हवा. वर तो पंखा. एवढा खडखडत होता की मला ओरडून बोलावं लागलं. लोकांना वाटतंय मी भांडत होते."

"भांडत नव्हतात?"

मॅडमनी चष्मा काढला.

"भांडतही होते. निघताना मी म्हणाले, तुमचं हे खोटं घर ह्या वर्षी बंद होणार, सर. ते म्हणाले, बरं. नुसतं बरं. मग टेबलाला धरून उभे राहिले. मला वाटलं, ऐकून वाईट वाटलं असेल. मनात आलं, बरं झालं." त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "त्यांना चक्कर येत असेल का गं तेव्हा?"

आईसाहेबनं टेबलावरचा पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"निघताना दाराला कुलूप लावलंत?"

"छे. कुलूप उघडंच कोयंड्यात लटकत होतं. मी दार ढकललं आणि तरातरा निघाले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही."

बाहेर पायऱ्यांवर वकील बसला होता. हा पोरगा म्हणजे तिच्या धाकट्या भावासारखा. अभ्यासाला घरी येई, ठकूला खांद्यावर घेऊन गल्लीभर नाचवी, सासूबाईंच्या हातचं जेवून जाई. आज त्याच्या तोंडावर रया नव्हती.

"मामाला सोडणार ना?" त्यानं विचारलं.

"उद्या गुन्हा दाखल होणार म्हणे."

"पण पुरावा कुठाय? नुसत्या कुलपावरून? उभा राहणार नाही खटला."

"खटला उभा नाही राहिला तरी माणूस आडवा होतो रे," ती म्हणाली. "चल घरी. चार घास खाऊन घे."

"नको," तो म्हणाला. आजपर्यंत ह्या पोरानं जेवणाला नाही म्हटलं नव्हतं.

४

घरी ठकूनं जमिनीवर चित्रांचा पसारा मांडला होता. वर पंखा गरगरत होता आणि कागद पळू नयेत म्हणून तिनं प्रत्येकावर काहीतरी ठेवलं होतं. एकावर चमचा, एकावर आजीचा चष्म्याचा डबा, एकावर स्वतःची चप्पल.

"हे काय गं?"

"पळतात ते," ठकू म्हणाली. "चप्पल उचलू नकोस हां. हत्ती उडून जाईल."

आईसाहेब जागच्या जागी खाली बसली.

बूट, डाव, दगड. कॅलेंडरला चिमटे. त्यात गुन्ह्याचा धागा शोधून शोधून वर्ग थकला होता. जाड्यानं तर चिमट्यांवरून खुनी धोबी असल्याचं ठरवलं होतं. आणि तो धागा नव्हताच. पंखा चालू होता, म्हणून सरांनी ओझी ठेवली होती, ठकूसारखीच. सर पंख्याशिवाय घटकाभर राहू शकत नसत. वर्गात पोरं पंख्याखालची जागा त्यांच्यासाठी मोकळी सोडत.

मग पंखा बंद कुणी केला?

ती ओट्याशी उभी राहून भाज्या चिरायला लागली. हात चालू असले की तिचं डोकं चाले.

सरांनी नाही. मॅडम? पंख्याचं बटण दारापाशी नव्हतं, पलंगामागे, खोलीच्या पार त्या टोकाला. ज्या बाई मागे वळून पाहायला तयार नव्हत्या, त्या खोली ओलांडून पंखा कशाला बंद करतील? मामा? मामा आत जातच नाही, बाहेरच्या पेटीतला मोठा खटका पाडतो. पण मग सगळंच बंद झालं असतं. आणि फ्रिज तर चालू होता. त्यानंच तर सगळ्यांना दचकवलं.

म्हणजे मॅडम गेल्यानंतर कुणीतरी चौथंच आत आलं. जमिनीवर माणूस पडलेला बघितला, त्याला ओलांडून पलीकडे गेलं आणि पंखा बंद केला. चोर असं करत नाही. खुनी करत नाही. जगात कुणीच करत नाही.

सुरी हातात राहिली.

असं करायला त्यांना शिकवलं होतं. पहिल्या वर्षाचा पहिला धडा. वाऱ्यानं केस उडतात, धागे उडतात, राख उडते, म्हणून जागेवर पाऊल ठेवलं की सर ओरडत, "आधी पंखा बंद, मग डोळे उघडे!" पाच वर्षं घोटवून घोटवून ते त्यांच्या हातात उतरलं होतं. ती स्वतः आजकाल कुणाच्या घरी गेली तरी हात बटणाकडे जाई आणि सासूबाई म्हणत, "अगं, उकडतंय, राहू दे की."

आपल्यातलंच कुणीतरी, ती मनाशी म्हणाली. आपल्या वर्गातलं.

"आई, तू रडतेयस?" ठकूनं विचारलं.

"कांदा आहे," ती म्हणाली. ओट्यावर कांदा नव्हता.

५

दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी माणसं येऊन जाऊन कमी झाली होती. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या होत्या. बैठकीत बसवत नाही म्हणाल्या, तिथे त्यांची खुर्ची आहे.

"तूच ना ती, मुलगी असलेली? तुझं फार सांगायचे. म्हणायचे, ही कडेवर पोर घेऊन फौजदारी कायदा पाठ करते."

काकूच बोलत राहिल्या. बोललं की बरं वाटत असावं.

"काल सकाळी एवढे खुशीत होते. नोकरीचं शेवटचं वर्ष ना त्यांचं. शर्टाला रंग लावून घरातूनच निघाले होते, म्हटलं, रस्त्यात लोक घाबरतील. तर वरून कोट घातला. एवढ्या उकाड्यात! आणि सकाळच्या गोळ्या तशाच राहिल्या टेबलावर. मला संध्याकाळी दिसल्या."

"काकू, काही सामान नेलं होतं घरून?"

"नेलं की. बर्फ. आदल्या दिवशी तिथल्या फ्रिजमध्ये लावला होता, तो त्या मामानं वीज घालवली म्हणून वितळला. चिडले होते नुसते. मग इथे परत लावला आणि थर्मासमध्ये घालून नेला. मला सांगतात, पोरं पाणी बघून चक्रावतील, बघ." त्यांनी ओट्याकडे बोट केलं. "ती काय वाटी, अजून तिथेच पालथी आहे. उचलायला हात होत नाही."

ओट्याच्या कडेला स्टीलची वाटी पालथी होती. खोलगट, आणि तिच्या अंगाला सभोवार कंगोरे.

आईसाहेबनं बोटानं ते कंगोरे चाचपले.

पाणी पाहून बर्फ ओळखणं अवघड नव्हतं. हुशार पोरगा, ओळखलं असेल. पण सरावाच्या घरात कंगोऱ्यांची वाटी नव्हती. तिथली भांडी तिनं स्वतः मोजली होती, सगळी सपाट. ताटलीतल्या पाण्याला कंगोरे नसतात. ज्यानं तो बर्फ वितळण्याआधी डोळ्यांनी पाहिला, त्यालाच तो आकार माहीत.

तिला त्याचे हात आठवले. हवेत वाटी धरून दाखवणारे.

"काय झालं गं?" काकूंनी विचारलं. "काही कळलं का?"

"नाही काकू," ती म्हणाली. आयुष्यात इतकं जड खोटं ती कधी बोलली नव्हती.

६

वकील कॉलेजच्या मागच्या कट्ट्यावर सापडला. समोर सरावाचं घर, दाराला नवं कुलूप. ती त्याच्या शेजारी बसली. बॅगेत ठकूची बिस्किटं होती, तिनं पुडा मधे ठेवला. कुणी हात लावला नाही.

"बर्फाला कंगोरे होते, ते तुला कसं कळलं रे?"

त्यानं नाकारलं नाही. खूप वेळ धरून ठेवलेलं ओझं कुणीतरी खाली ठेव म्हणावं तसे त्याचे खांदे उतरले.

"मला फक्त दारातून बघायचं होतं," तो म्हणाला. "गेल्या परीक्षेत तू पहिली आलीस. मला वाटलं, ह्या वेळी एकदा आधी बघून ठेवावं. कुलूप उघडंच होतं. आत गेलो, पंखा बंद केला. मुद्दाम नाही गं, सवयीनं पाय तिकडे वळले. मग वळून पाहिलं तर टेबलापलीकडे सर खाली."

"पडलेले."

"पडलेले नाही! झोपलेले. प्रेत. मला वाटलं, मेलो, सर आधीच तयार होऊन पडलेत आणि मी सापडलो." त्याचा श्वास अडखळत होता. "त्यांचे डोळे उघडे होते, आईसाहेब. माझ्याकडे बघत होते. बोटं अशी जमिनीवर घासत होती."

तिनं डोळे मिटले.

"मी हात जोडले. म्हटलं, सर, मी आलोच नव्हतो असं समजा, प्लीज. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, जा म्हणतायत. जा, मी नाही सांगणार कुणाला. मला हायसं वाटलं गं! मनात म्हटलं, काय देवमाणूस आहे. बाहेर आलो आणि आणखी कुणी आत जाऊ नये म्हणून कुलूप दाबलं. त्यांची परीक्षा बिघडू नये म्हणून."

वारा पडला होता. घराच्या खिडकीचं तावदान उन्हात चमकत होतं.

"नंतर सगळ्यांबरोबर आत आलो, तर सर तसेच. मी म्हटलं, बघा, शब्द पाळला सरांनी. मला इतकं बरं वाटत होतं ना, म्हणून तो बर्फ पण बोलून गेलो. आणि मग तो फ्रिज..."

तो वाकला आणि गुडघ्यात तोंड घालून रडायला लागला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. ठेवावा की नाही, हा विचार तिनं केला नाही असं नाही. तरी ठेवला.

"कुठल्या कलमात बसतं हे?" तो तसाच म्हणाला. "मी सगळं वाचून काढलं. मदत न करणं हा गुन्हा कधी, हेतू काय, जाणीव काय. मला माहीतच नव्हतं की ते... मग मी गुन्हेगार आहे का? सांग ना. तू पहिली येतेस."

पाच वर्षं ते दोघं हेच शिकत होते. अर्धा दिवस का, अर्धा दिवस किती शिक्षा. तिला दोन्ही विषयांतलं पानन् पान आठवलं आणि त्यातलं एकही ह्या पोराच्या पाठीवर ठेवण्यासारखं नव्हतं.

"ते ठरवणारे ठरवतील," ती म्हणाली. "पण मामा अजून बाकावर बसलाय."

"मी कालपासून ठरवत होतो, आता जातो, आता जातो. जितका वेळ गेला तितकं..."

"मला ठाऊक आहे."

"तू सांगितलंयस का फौजदाराला?"

"नाही. मी सांगणार नाही. तू सांगणार आहेस. मी बरोबर येते." ती उठली. "ऊठ. तोंड धू आधी."

"आईसाहेब, माझी आई..." तो म्हणाला. तिला फक्त हाच एक मुलगा होता.

"तिच्याकडेही मी येईन," ती म्हणाली. "चल बाळा."

चौकीच्या दारात त्यानं एकदा तिचा हात धरला. ठकू बालवाडीच्या पहिल्या दिवशी धरत होती तसा, दोन बोटं घट्ट. मग सोडला आणि आत गेला. फौजदारानं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाच त्यानं पेन खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आपल्यालाही त्याच घरात हेच शिकवलंय, एवढंच तो पुटपुटला.

मामाला जुडगा परत मिळाला. पोरगा आत का बसलाय ते कळल्यावर तो म्हणाला, "मी नेहमीसारखी सकाळी फेरी मारली असती तर?" प्रत्येकाजवळ आपापलं असं एकेक वाक्य होतं.

७

ती घरी आली तेव्हा उन्हं उतरली होती. सासूबाईंनी काही न विचारता पुढ्यात ताट ठेवलं. तिनं दोन घास गिळले आणि ताट बाजूला सारलं.

"काय झालं त्या पोराचं?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"सांगितलं त्यानं सगळं. आत ठेवलंय. त्याच्या आईकडे जाऊन आले." तिचा आवाज फाटला. "ती मला म्हणाली, तुम्ही मोठ्या ना त्याच्यापेक्षा, तुम्ही कसं नेलंत त्याला?"

सासूबाई ह्या बोलायला एरवी तिखट. आज त्या नुसत्या तिच्या शेजारी येऊन बसल्या, खांद्याला खांदा लागेल अशा.

ठकू दारात उभी राहून ऐकत होती. किती वेळापासून, कुणास ठाऊक. ती आली आणि आईच्या मांडीत शिरली. मांडीत मावण्याचं तिचं वय सरत आलं होतं. पाय बाहेर लोंबत होते.

"दादाला नेलं?"

"हो राणी."

"त्यानं मारलं सरांना?"

"नाही गं. मारलं नाही त्यानं. सर पडले होते, त्याला कळलंच नाही की खरे पडलेत."

ठकूनं आईच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"मग त्यानं स्वतः सांगितलं? खरं खरं?"

"हो. खरं खरं."

"घाबरला होता?"

"खूप."

"तरी सांगितलं?"

"तरी सांगितलं."

ठकूनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत कसलाच आरोप नव्हता, नुसती उत्सुकता होती.

"मग आई, त्याला शाब्बास कोण म्हणालं?"